एकपानी आणि ब्राह्मी : परसातल्या औषधीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात विहिरीच्या काठी वाढणाऱ्या एकपानीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर डिचोलीपासून काणकोणपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. यावेळचे सदर म्हणून याच एका विषयासाठी ठेवले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रे थोडक्यात दिली आहेत.

आमच्या विहिरीजवळ गोल पानांची एक वनस्पती जमिनीलगत पसरते. सासूबाई तिला एकपानी म्हणतात आणि हीच ब्राह्मी असे सांगतात. मध्यंतरी रोपवाटिकेतून ब्राह्मी म्हणून रोप आणले, तर त्याची पाने बारीक, जाडसर आणि कडूजहर निघाली. खरी ब्राह्मी कोणती समजावी? — एक वाचिका, डिचोली

आपल्या सासूबाई चुकलेल्या नाहीत आणि रोपवाटिकेनेही आपल्याला फसवलेले नाही. ब्राह्मी या एकाच नावाने आपल्या देशात दोन अगदी वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. विहिरीजवळची आपली एकपानी म्हणजे मराठीत कारिवणा आणि संस्कृतात मंडूकपर्णी. तिचे शास्त्रीय नाव सेन्टेला एशियाटिका. कोथिंबीर, गाजर, ओवा यांच्या कुळातली ही वनस्पती आहे आणि ताजे पान चुरगळून नाकाशी धरले तर तो नातेसंबंध कळतो, कारण गाजराच्या पाल्यासारखा मंद वास येतो. बारीक पानांची दुसरी ती नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी, शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. तिचे कूळ वेगळे आणि तिच्यातली द्रव्येही वेगळी. भारताच्या अधिकृत आयुर्वेदीय औषधकोशाने ब्राह्मी हे नाव बॅकोपाला आणि मंडूकपर्णी हे नाव सेन्टेलाला दिलेले आहे. केरळातही ब्राह्मी म्हणजे बॅकोपाच. उत्तर भारतात मात्र पुष्कळ ठिकाणी सेन्टेलाच ब्राह्मी म्हणून विकली जाते. घरात बोलताना कोणतेही नाव वापरावे, पण औषध म्हणून पोटात घ्यायचे असेल तेव्हा हातात कोणती वनस्पती आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळख पटवण्यासाठी एकपानीचा एक तुकडा मुळासकट उपटून तळहातावर घ्यावा. आडवा धावणारा तांबूस, दोऱ्यासारखा धुमारा दिसेल. त्याच्या प्रत्येक पेरातून खाली मुळे आणि वर लांब देठांची पाने निघालेली असतात. पान गोलसर मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडा बोथट दातांची, आणि देठ जिथे जोडला जातो तिथे पानाला खोल खाच असते. फुले शोधावी लागतात. ती पानांच्या छत्रीखाली, जमिनीलगत, तांबूस आणि मोहरीएवढी असतात. याउलट नीरब्राह्मीची पाने समोरासमोर जोडीने येतात, देठ जवळजवळ नसतोच, पान टोकाशी रुंद व बुडाशी निमुळते आणि मांसल असते, आणि फुले पांढरी किंवा फिकट निळसर, सहज दिसणारी असतात. चवीला ती इतकी कडू असते की एक पान चावले तरी शंका उरत नाही.

खरा धोका या दोघींपेक्षा तिसरीचा आहे. शोभेची म्हणून कुंड्यांत आणि तळ्यांत लावली जाणारी हायड्रोकॉटिल दिसायला एकपानीसारखीच गोल पानांची असते. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून मी स्वतः ती ब्राह्मी समजून आणली, सहा महिने जपली आणि दोनदा चटणीतही घातली. सुदैवाने कोणाला काही झाले नाही. नात्यातल्या एका वनस्पतीशास्त्राच्या शिक्षिकेने पान उलटे करून दाखवले, तेव्हा डोळे उघडले. त्या पानाला खाच नव्हती, आणि कमळाच्या पानाप्रमाणे देठ पानाच्या ऐन मध्यावर जोडलेला होता. अशी गफलत होणे स्वाभाविक आहे, कारण वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने 1753 मध्ये एकपानीला हायड्रोकॉटिल एशियाटिका असेच नाव दिले होते आणि 1879 मध्ये ती सेन्टेला या वेगळ्या प्रजातीत गेली. उंदीरकानी नावाची आणखी एक जमिनीसरपट वनस्पतीही हिच्याशी घोळते. तिची फुले मात्र पिवळी आणि घंटेच्या आकाराची असतात.

मडगावात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. परसू नाही, फक्त पूर्वेकडची गॅलरी आहे. तिथे एकपानी जगेल का? — एक वाचक, मडगाव

जगेल आणि चांगली फोफावेल, कारण पूर्वेचे तीन-चार तासांचे कोवळे ऊन तिला पुरते आणि दुपारच्या कडक उन्हापासून आपोआप बचाव होतो. तिची मुळे उथळ असल्यामुळे खोल कुंडी व्यर्थ जाते. सुमारे 30 सेंटीमीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर खोल पसरट भांडे घ्यावे, तळाला भोके असावीत. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग नारळाच्या सोडणाचा भुसा असे मिश्रण करावे. आपल्याकडच्या जांभ्याच्या तांबड्या मातीतून पाणी फार लवकर निघून जाते, म्हणून हा भुसा महत्त्वाचा आहे.

बी पेरण्याच्या भानगडीत पडू नये. कोणाच्या तरी परसातून दोन-तीन पेरांचा धुमारा आणावा, तो ओल्या मातीवर आडवा ठेवावा आणि झाडूतला एक हीर मधोमध वाकवून केसांच्या पिनेसारखा पेराजवळ खोचावा, म्हणजे पेर मातीला चिकटून राहते. पंधरा दिवसांत मुळे धरतात. माती सतत ओलसर राहिली पाहिजे, पण पाणी साचून शेवाळ येऊ देऊ नये. दोन-तीन महिन्यांनी कुंडी भरली की बाहेरची जून पाने देठासह खुडावीत आणि मधला कोंब राखावा. वर्षातून एकदा, शक्यतो पहिल्या पावसानंतर, अर्धी झाडे काढून नवे खत घालून पुन्हा लावली नाहीत तर पाने बारीक होत जातात.

नीरब्राह्मीही हवी असल्यास तिच्या फांद्यांचे तुकडे पेलाभर पाण्यात ठेवावेत, आठवड्याभरात मुळे फुटतात. तिला जास्त ऊन आणि दलदलीसारखी ओल लागते, म्हणून लोक कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवतात. तशी ठेवली तर ती आठवड्यातून दोनदा रिकामी करून घासावी. डेंग्यूच्या डासाची वाढ आठवड्याभरात पुरी होते, आणि औषधाच्या झाडाखाली डास वाढवणे कोणालाच परवडणारे नाही.

एप्रिल लागला की आमच्या एकपानीची पाने लालसर आणि रुपयाच्या नाण्याएवढी लहान होतात. रोग आहे का? — एक वाचिका, काणकोण

रोग नाही. ऊन जास्त आणि ओल कमी झाल्याची ती खूण आहे. वाफा केळीच्या किंवा पोफळीच्या सावलीत हलवावा, भोवती सुका पाला पसरावा. पावसात ती पुन्हा हिरवीगार होईल.

शेताच्या बांधावर पावसाळ्यात एकपानी भरपूर उगवते. ती आणून कच्ची खाल्ली तर चालते का? आमच्या बाजूला पूर्वी खाण होती. — एक वाचक, सत्तरी

या प्रश्नाला ठाम उत्तर द्यावे लागेल: बांधावरची आणून कच्ची खाऊ नये. भातशेतीच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. गुरांची ये-जा तर असतेच. ओल्या जागी वाढणाऱ्या पानांवर गोगलगायी फिरतात आणि त्यांच्यामार्फत येणारे काही कृमी कच्च्या पानांतून माणसाच्या शरीरात जाऊ शकतात. शिवाय शेतावर तणनाशक मारले असेल तर ते नजरेला दिसत नाही.

खाणीचा मुद्दा आपण स्वतःहून मांडला हे बरे झाले. एकपानी आणि नीरब्राह्मी या दोन्ही वनस्पती मातीतले जड धातू शोषून पानांत साठवतात, आणि ते धातू धुऊन किंवा उकळून जात नाहीत. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत जिथे खाणीचा गाळ ओहोळातून शेतात उतरलेला आहे, तिथली पाने औषधासाठी वापरू नयेत. आपण चार चिरे रचून घराजवळ एक उंच वाफा करावा, त्यात खात्रीची माती भरावी आणि विहिरीचे किंवा नळाचे पाणी द्यावे. बांधावरचा धुमारा लावायला घेण्यास हरकत नाही. वाफ्यात वाढलेली नवी पानेच तेवढी वापरावीत.

नातू दहावीला आहे. त्याला रोज सकाळी ब्राह्मीचा रस दिला तर पाठांतर सुधारेल असे सगळे सांगतात. किती द्यावा? — एक आजी, म्हापसा

आजी, आपल्या काळजीमागची माया समजते, म्हणून जे माहीत आहे ते सरळ सांगतो. चरकसंहितेत चार मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस (ताजा पिळलेला रस), दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटलेला गोळा). म्हणजे बुद्धीसाठी एकपानी वापरण्याची परंपरा खरोखर जुनी आहे. आधुनिक पद्धतीने माणसांवर जे प्रयोग झाले त्यांत मात्र स्मरणशक्तीच्या बाबतीत नीरब्राह्मीची बाजू अधिक भक्कम दिसते. त्या प्रयोगांत बहुधा प्रौढांना प्रमाणित अर्क रोज साधारण 300 मिलिग्रॅम या मात्रेत दिला गेला, आणि जो काही फायदा दिसला तो सुमारे 12 आठवड्यांनंतर आणि मर्यादित होता. एकपानीने स्मरणशक्ती वाढते असे म्हणण्याइतका पुरावा मिळालेला नाही. त्यामुळे परीक्षेच्या महिनाभर आधी रस सुरू करून गुण वाढतील ही अपेक्षा ठेवू नये.

घरी काढलेल्या रसात औषधी द्रव्य किती उतरले हे कळण्याचा मार्ग नसतो. जागा, ऋतू आणि पानांचे वय यांनुसार ते बदलते. नीरब्राह्मीने मळमळ, पोटात मुरडा आणि वारंवार शौचाला होणे हे त्रास होतात, आणि उपाशीपोटी घेतल्यास अधिकच होतात. परीक्षेच्या सकाळी हे नको. एकपानी बराच काळ औषधी मात्रेत घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्याही मोजक्या नोंदी आहेत. म्हणून नातवाला रस रोज देऊ नये. द्यायचेच असेल तर वैद्यांना दाखवून, त्यांनी ठरवलेले तयार औषध त्यांनी सांगितलेल्या काळापुरतेच द्यावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी, आणि झोपेची, फिट्सची किंवा थायरॉइडची औषधे चालू असलेल्यांनी या दोन्ही वनस्पती डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध म्हणून घेऊ नयेत.

जेवणातला पदार्थ म्हणून मात्र आठवड्यातून एक-दोनदा एकपानी खायला काहीच हरकत नाही, आणि नातवालाही ती आवडेल. माणशी दहा-बारा कोवळी पाने घ्यावीत, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून वाहत्या पाण्याखाली एकेक पान दोन्ही बाजूंनी धुवावे. चमचाभर तुपात जिरे आणि चार मिरीदाणे परतून त्यातच पाने मऊ होईपर्यंत परतावीत. गार झाल्यावर अर्धी वाटी ओल्या खोबऱ्याबरोबर गुळगुळीत वाटून ताकात कालवावे, मीठ घालावे आणि वरून मोहरी व सुक्या मिरचीची फोडणी द्यावी. कारवारकडच्या घरांत हिला तंबळी म्हणतात; उकड्या तांदळाच्या भातावर उन्हाळ्यात तिच्यासारखे दुसरे काही नाही. पाने परतल्यामुळे जंतूंची भीती जाते आणि कडवटपणाही उतरतो.

कोयत्याने बोट कापले तर आमचे आजोबा एकपानी ठेचून बांधत. जखम खरोखर भरते का? — एक वाचक, फोंडा

आजोबांच्या अनुभवाला आधार आहे. एकपानीत एशियाटिकोसाइड, मॅडेकॅसोसाइड आणि त्यांच्याशी संबंधित आम्ले असतात. ती त्वचेतल्या पेशींना कोलॅजन बनवण्यास चालना देतात, आणि कोलॅजन म्हणजे जखम सांधणारा धागाच. या द्रव्यांपासून बनवलेली मलमे जखमा आणि व्रण यांसाठी अनेक देशांत वापरली जातात. त्याहून जुना दाखला हवा असेल तर 1678 ते 1693 या काळात अ‍ॅम्स्टरडॅम येथे 12 खंडांत छापलेल्या हॉर्टस मलबारिकस या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या दहाव्या खंडात ही वनस्पती कोडगम या मल्याळी नावाने आलेली आहे. त्या ग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी माहिती पुरवली आणि त्यांचे नागरी लिपीतले निवेदन पहिल्या खंडात छापले गेले. आपल्या भाषेतल्या वैद्यांचा हा वाटा गोव्यातल्या मुलांना शाळेत सांगितला जावा, असे मला मनापासून वाटते.

परंतु मलमातला शुद्ध अर्क आणि परसातले ठेचलेले पान यांत मोठे अंतर आहे. पानाबरोबर माती जखमेत जाते, मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि वरून पट्टी घट्ट बांधली की त्यांना हवी तशी कोंदट जागा मिळते. म्हणून उघड्या जखमेवर ठेचलेला पाला बांधू नये. कापल्यावर वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवावे आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवून आरोग्य केंद्रात जावे. जखम खोल असेल, किंवा मधुमेह असून पायाला लागले असेल, तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये. भाजल्यावरही आधी 20 मिनिटे वाहते गार पाणी, एवढेच.

एकपानीची वेळ त्यानंतर येते. खपली पडून त्वचा बंद झाली की व्रणावर तिचे तेल हलक्या हाताने दिवसातून दोनदा चोळावे. कोपरावर आधी थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी, कारण काहींना हिने पुरळ उठते.

हे तेल घरी कसे करावे? मी केलेल्या तेलाला पंधरवड्यात खवट वास आला. — एक वाचिका, फोंडा. असाच प्रश्न पेडणे आणि वास्को येथूनही

वास आला याचा अर्थ तेलात पाणी राहिले. आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याचे नेहमीचे प्रमाण कल्क एक भाग, तेल चार भाग आणि द्रव सोळा भाग असे आहे. घरासाठी 200 मिलिलिटर घाण्याचे खोबरेल, 50 ग्रॅम पानांचा वाटलेला गोळा आणि 800 मिलिलिटर द्रव पुरतो. द्रवासाठी निघेल तेवढा पानांचा रस घ्यावा आणि उरलेला भाग पानांच्या काढ्याने भरून काढावा. पाने धुतल्यावर फडक्यावर पसरून वरचे पाणी पूर्ण सुकू द्यावे.

जाड बुडाच्या भांड्यात सर्व एकत्र करून मंद आचेवर ठेवावे आणि बुडाला लागू नये म्हणून ढवळत राहावे. घाई करू नये. अर्धा दिवस जातो, आणि एका बैठकीत झाले नाही तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवले तरी चालते. पाणी असेपर्यंत भांड्यातून फडफड असा आवाज येत राहतो. तो थांबत आला आणि तेलावर फेस दिसू लागला की चमच्याने थोडा कल्क काढावा, गार झाल्यावर दोन बोटांत वळून पाहावा. बोटांना न चिकटता त्याची वात वळली पाहिजे. ती वात विस्तवावर धरली असता तडतडली तर अजून पाणी आहे, न तडतडता जळली तर तेल झाले. त्या क्षणी आच बंद करावी, कारण त्यापुढे कल्क करपतो आणि तेलाला जळका वास लागतो. कोमट असतानाच कोरड्या सुती फडक्यातून गाळावे आणि उन्हात वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरावे. पावसाळ्यात हे काम काढूच नये. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी हवा याला उत्तम. बाटलीत ओले बोट किंवा ओला चमचा गेला नाही तर तेल सहा महिने सहज टिकते.

वास्कोच्या वाचिकेने या तेलाने गळलेले केस परत येतात का असेही विचारले आहे. तसे आश्वासन मी देणार नाही. माथ्याला शांत वाटते, कोंड्याची खाज काहींची कमी होते आणि मालिशीने झोप बरी लागते, एवढे मी घरात पाहिले आहे. केस अचानक पुंजक्याने जात असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घ्यावी.

पाने सुकवून चूर्ण ठेवता येईल का? — एक वाचक, साखळी

येईल, पण ऑक्टोबर ते मार्च या काळात आणि सावलीतच सुकवावीत. पान बोटांत चुरचुरीत मोडले म्हणजे सुकले. काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून ठेवावे आणि बुरशीचा जरासाही वास आला तर सबंध बरणी टाकून द्यावी. परसात ताजी पाने बारा महिने मिळत असताना चूर्णाचा खटाटोप मी स्वतः करत नाही.